आइसलंडची ऊब येते कुठून?

जानेवारीत रेक्याविकचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं. सायबेरियातलं याकुत्स्क हे शहर रेक्याविकपेक्षा थोडं दक्षिणेलाच आहे, पण तिथे जानेवारीची सरासरी उणे ३८ अंशांच्या आसपास जाते. सूर्य दोन्ही गावांच्या वाट्याला जवळपास सारखाच येतो. मग मधला जवळजवळ चाळीस अंशांचा फरक कोण भरून काढतं? आणि बाहेर बर्फ पडत असताना रेक्याविकची माणसं खिडकी किलकिली ठेवून घरात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात वावरतात, ते त्यांना परवडतं कसं? आइसलंड म्हटलं की छायाचित्रांत ध्रुवीय प्रकाश आणि हिमनद्या दिसतात. देश समजून घ्यायचा असेल तर आधी या उबेचा हिशोब मांडलेला बरा. तिथली जमीन, हवा आणि माणसं त्या हिशोबात आपोआप येतात.

सूर्याचा भाग लवकर उरकतो. रेक्याविक ६४ अंश उत्तरेला आहे. आर्क्टिक वृत्त देशाच्या मुख्य भूमीला शिवतही नाही, उत्तरेच्या ग्रिमसे नावाच्या चिमुकल्या बेटावरून तेवढं जातं. २१ डिसेंबरच्या सुमारास राजधानीत सूर्य सकाळी सव्वाअकरानंतर उगवतो आणि साडेतीनला मावळतो. त्या चार तासांतही तो क्षितिजापासून अडीच अंशांहून वर चढत नाही, त्यामुळे समोर दुमजली घर असलं तर दिसतही नाही. जूनमध्ये दिवस एकवीस तासांचा होतो आणि उरलेल्या तीन तासांतही धड अंधार पडत नाही. पण दिवस लांबला म्हणून ऊन तापत नाही. मुंबईत डिसेंबरात भर दुपारी सूर्य जेवढा वर असतो, साधारण तेवढाच तो रेक्याविकला जूनच्या मध्यान्ही असतो. जुलैची सरासरी म्हणूनच ११-१२ अंशांवर थांबते. त्यात १९६८ पासून या देशाने बारा महिने ग्रिनिचची वेळ लावून घेतली आहे. रेखांशाप्रमाणे घड्याळ तासभर तरी मागे हवं. तसं नसल्याने मध्यान्ह होते दुपारी दीडच्या सुमारास, आणि डिसेंबरात मुलांचे शाळेतले दोन-तीन तास झाल्यावर कुठे उजाडतं. यावरचा वाद अधूनमधून उकरला जातो, घड्याळ मात्र आहे तिथेच आहे.

हिवाळा सौम्य ठेवण्याचं काम समुद्र करतो. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेलं कोमट पाणी अटलांटिक ओलांडत ईशान्येला येतं. त्याची एक शाखा, तिला इर्मिंगर प्रवाह म्हणतात, आइसलंडच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याला वळसा घालते. पाणी उष्णता भरपूर साठवतं आणि सावकाश सोडतं. ती उष्णता वारा उचलतो आणि जमिनीवर आणतो. याकुत्स्क खंडाच्या पोटात आहे, तिथे हे घडत नाही. तिथला उन्हाळा मात्र आइसलंडपेक्षा चांगलाच गरम असतो, कारण उन्हाळ्यात समुद्र हवा थंड ठेवण्याचंही काम करतो. म्हणजे आइसलंडला कडाक्याचा हिवाळा नाही आणि खरा उन्हाळाही नाही. गहू-बटाट्याच्या हिशोबात ही वाईट तडजोड आहे. बटाटा आणि सातू कसेबसे येतात, गवत मात्र उत्तम येतं. त्यामुळे हजार वर्षं हा देश मेंढ्यांवर आणि माशांवर जगला.

या कोमट पाण्याला उत्तरेकडून, ग्रीनलंडच्या बाजूने, बर्फाळ प्रवाह येऊन भिडतो. दोन पाण्यांच्या या भेटीचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे हवा सतत बिघडते. युरोपचे हवामानतज्ज्ञ नकाशावर जो 'आइसलंडचा कमी दाब' दाखवतात त्याची वादळं हिवाळाभर एकामागून एक बेटावरून जातात. पाऊस तिरका किंवा थेट आडवा येतो आणि छत्री ही वस्तू कुणी बाळगत नाही. दुसरा परिणाम म्हणजे मासे. खालचं पोषक पाणी वर येतं, त्यावर सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यामागे बांगड्यापासून कॉडपर्यंत सगळे येतात. हा मासा त्यांना इतका मोलाचा वाटतो, की लष्कर नसलेल्या या देशाने त्यासाठी १९५८ ते १९७६ या काळात ब्रिटनशी तीनदा भांडण काढलं. ब्रिटिश ट्रॉलरची जाळी ओढणाऱ्या पोलादी दोऱ्या कापायचं आकडेवजा अवजार आइसलंडच्या गस्ती बोटी मागे बांधून फिरत, आणि समोर ब्रिटनचं नौदल असे. शेवटी किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा हक्क ब्रिटनला मान्य करावा लागला. काही वर्षं मात्र थंड पाणी वरचढ ठरतं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रीनलंडकडचा तरंगता बर्फ उत्तर किनाऱ्याला येऊन टेकला होता आणि बंदरं अडकून पडली होती.

आता जमिनीकडे येऊ. मराठी वाचकाला तिची ओळख करून देणं सोपं आहे, कारण तो तसल्याच दगडावर राहतो. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. आइसलंडही त्याच बसाल्टचा आहे, पण तिथला सगळ्यात जुना दगड दीड-पावणेदोन कोटी वर्षांच्या आतला आणि सगळ्यात नवा गेल्या दोन-चार वर्षांतला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला दगडाचे जे उभे खांब दिसतात, तसेच आइसलंडच्या किनाऱ्यावर आणि धबधब्यांच्या मागे दिसतात. लाव्हाचा जाड थर निवताना आकसतो आणि तडे जाऊन त्याचे असे खांब होतात.

अटलांटिक महासागराच्या तळाशी उत्तर-दक्षिण एक डोंगररांग आहे. तिच्या एका बाजूला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, दुसऱ्या बाजूला युरेशियाचा. दोन्ही वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर जातात आणि मधली भेग खालून येणाऱ्या शिलारसाने भरत राहते. ही रांग जवळपास सगळीकडे पाण्याखाली आहे. आइसलंडखाली मात्र पृथ्वीच्या खोल आवरणातून तप्त खडकाचा एक लोट वर येतो असं मानतात. त्यामुळे इथे शिलारस इतका जास्त निघतो की रांगेचा एक लाख तीन हजार चौरस किलोमीटरचा तुकडा पाण्याबाहेर आला आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या एक तृतीयांश. लोकवस्ती चार लाखांहून थोडी कमी, त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश राजधानीत आणि तिला लागून. मधला उंच प्रदेश ओसाड आहे. दहावा भाग हिमनद्यांनी झाकलेला आहे, आणि त्यांच्याखालीही ज्वालामुखी आहेत. १९९६ मध्ये वातनायोकुल या सर्वांत मोठ्या हिमनदीखाली उद्रेक झाला, आतल्या आत बर्फ वितळून साठला आणि महिन्याभराने तो पूर सुटला तेव्हा देशाला वळसा घालणाऱ्या एकमेव महामार्गाचे पूल वाहून गेले.

या खालच्या आगीशी माणसांचा पहिला परिचय सुखाचा नव्हता. नवव्या शतकात नॉर्वेकडून वस्ती आली, इ.स. ९३० मध्ये थिंगवेलिरला, त्या दोन भूपट्टांच्या मधल्या दरीतच, त्यांची लोकसभा भरू लागली. जळणासाठी आणि कुरणांसाठी बर्चची जंगलं तोडली गेली. आज देशाचा जेमतेम दोन टक्के भाग रानाखाली आहे. लाकूड संपल्यावर घरं गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची बांधली जात. बसकी, अंधारी, जमिनीत अर्धी रुतलेली. माणसं, त्यांच्या अंगची ऊब आणि जाड भिंती, यांवरच हिवाळा काढायचा. १७८३ मध्ये लाकीची सत्तावीस किलोमीटर लांब भेग उघडली आणि आठ महिने ओकत राहिली. लाव्हाने थेट मेलेले जवळजवळ कुणीच नाहीत. गंधकाचा आणि फ्लोरिनचा धूर गवतावर बसला, ते खाऊन बहुतेक मेंढ्या मेल्या, आणि पाठोपाठच्या दुष्काळात देशातला पाचवा हिस्सा माणसं गेली.

भूगर्भातली उष्णता ही आइसलंडला निसर्गाची देणगी, असं माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं. मला ते अर्धवट वाटतं. देणगी हजार वर्षं तिथेच होती, वाफाळते झरे सगळ्यांना दिसत होते. तेराव्या शतकातला इतिहासकार स्नोर्री स्टुर्लुसन याच्या वाड्याशेजारी गरम पाण्याचं दगडी कुंड होतं, ते आजही दाखवतात. तरी त्याच देशातली माणसं थंडीने कुडकुडत आणि उपाशी मरत होती. झऱ्याशेजारी आंघोळ करता येते. झऱ्यापासून दहा मैलांवरचं घर तापवायला नळ लागतात, पंप लागतात, एकत्र वस्ती लागते आणि पैसे घालणारी नगरपालिका लागते. हे सगळं विसाव्या शतकात जमलं.

रेक्याविकच्या पूर्वेला तीन किलोमीटरवर धुण्याचे गरम झरे होते. बायका पाठीवर कपड्यांची गाठोडी, बादल्या, साबण घेऊन बर्फातून तिथवर चालत जात, धुणं धुऊन ओल्या ओझ्यासह परत येत. घरं तापत कोळशावर, आणि तो कोळसा जहाजाने यायचा. तेव्हाच्या छायाचित्रांत शहरावर काळा धूर दिसतो. १९३० मध्ये त्याच झऱ्यांपाशी विंधण घेऊन पाणी नळाने शहरात आणलं. आधी एका शाळेला, मग इस्पितळाला, पोहण्याच्या तलावाला आणि साठ-सत्तर घरांना. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जरा लांबच्या क्षेत्रातून मोठी नळवाहिनी आली. तरी १९७० च्या सुमारास देशातली निम्मी घरं तेलावरच तापत होती. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि सरकारने विंधणांचा सपाटा लावला. इथे त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. गरम पाणी शोधायला भोक पाडणं महाग असतं आणि ते कोरडं निघू शकतं. म्हणून गावांना शोधासाठी सरकारी निधीतून कर्ज मिळे, आणि पाणी लागलं नाही तर ते कर्ज अनुदान समजून माफ होई. जोखीम सरकारने घेतली, म्हणून लहान गावांनी विंधणाची हिंमत केली. आज सुमारे नव्वद टक्के घरं जमिनीखालच्या उष्णतेवर तापतात.

हे पाणी दोन जातीचं असतं, आणि दोन्हींची कारभाराची रीत वेगळी आहे. पहिली जात सौम्य क्षेत्रांची, जिथे किलोमीटरभर खोलीवर तापमान दीडशे अंशांच्या आत असतं. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसरीकडे वर येतं. आपल्या कोकणात उन्हवरे, तुरळ, राजापूर इथले झरेही साधारण असेच चालतात. हे पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं. विंधणातून उपसून थेट घराच्या नळात सोडता येतं. दुसरी जात ज्वालामुखीच्या पट्ट्यातली. तिथे तेवढ्याच खोलीवर दोनशे अंशांहून अधिक तापमान असतं आणि वर येते ती वाफ आणि खनिजांनी भरलेलं पाणी. ते नळात सोडलं तर सिलिका जमून नळ बुजतील. म्हणून त्या वाफेने आधी जनित्रं फिरवून वीज काढतात आणि उरलेल्या उष्णतेवर वेगळं, गोडं थंड पाणी तापवतात.

राजधानीपासून २७ किलोमीटरवरचं नेस्यावेलिरचं केंद्र याच जातीचं. ते १९९० मध्ये फक्त पाणी तापवायला सुरू झालं, वीज नंतर काढू लागले. जवळच्या तळ्याकाठचं चार अंशांचं भूजल उपसायचं आणि ते ऐंशी अंशांच्या वर नेऊन शहराकडे सोडायचं. यात एक अडचण होती. थंड पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो, आणि गरम केलेल्या अशा पाण्याने पोलादी नळ झपाट्याने गंजतात. म्हणून पाणी कमी दाबाखाली उकळवून बहुतेक प्राणवायू काढून टाकतात आणि उरलासुरला संपवायला भूगर्भातली थोडीशी गंधकयुक्त वाफ मुद्दाम मिसळतात. रेक्याविकच्या मोरीत गरम पाणी सोडलं की सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, त्याची तक्रार पाहुणे हमखास करतात. तो वास नळांचं आयुष्य वाढवतो. दोन जातींचं पाणी एकत्र करण्याचा प्रयोगही सुरुवातीला झाला, पण दोहोंतल्या मॅग्नेशियमची आणि सिलिकाची गाठ पडून पांढरा थर जमू लागला. तेव्हापासून दोन्ही पाणी वेगळ्या वाटांनी खेळवतात.

केंद्रातून पाणी आधी चारशे मीटर उंचीच्या टेकडीवरच्या टाकीत चढवतात. तिथून ते उताराने आपलं आपण शहरात येतं. नळाभोवती दगडी लोकरीचा जाड थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. सात तासांच्या या प्रवासात, बर्फाळ माळावरून येताना, पाणी दोन अंशही निवत नाही. शहरात एका टेकडीवर मोठ्या टाक्या आहेत. पूर्वी अशा सहा टाक्यांच्या मध्ये जागा उरत होती, तिच्यावर १९९१ मध्ये काचेचा घुमट बांधला, त्याला पेर्लान म्हणतात. पाहुणे तिथे जेवायला जातात. एका अर्थी ते साऱ्या गावाच्या एकाच बंबावर बसलेले असतात.

घरात पाणी पंचाहत्तर-ऐंशी अंशांना येतं. भिंतीतल्या रेडिएटरमधून फिरून ते तीस-पस्तीस अंशांवर उतरतं. वापर घनमीटरवर मोजतात. तरी बिल इतकं कमी असतं की खोली फार तापली तर लोक नळ बंद करत नाहीत, खिडकी उघडतात. उधळेपणाची ही सवय त्यांना ठाऊक आहे आणि ती सुटत नाही. वापरून झालेलं कोमट पाणी शहराच्या मध्यभागी पदपथांखालच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत सोडतात, त्यामुळे तिथे बर्फ टिकत नाही. कडाक्याची थंडी लांबली आणि पाणी पुरेनासं झालं, तर सर्वांत आधी पोहण्याचे तलाव बंद करतात.

तलाव बंद होणं हे तिथे वीज जाण्याएवढं मोठं संकट मानलं जातं. प्रत्येक गावाला उघड्यावरचा गरम तलाव आणि शेजारी ३८ ते ४४ अंशांची कुंडं असतात. पोहणं शाळेत सक्तीचं आहे, कारण मासेमारीच्या देशात बुडणारे फार होते. तलावात क्लोरिन कमी टाकतात, म्हणून आत जाण्याआधी सर्व कपडे काढून साबणाने आंघोळ करावीच लागते, आणि पाहुण्याने ती टाळली तर त्याला परत पाठवतात. संध्याकाळी कुंडात मंत्री, मच्छीमार, शिक्षिका आणि पेन्शनर गळ्याएवढ्या पाण्यात बसून गप्पा मारतात. आपल्याकडचा चावडीचा कट्टा तिथे पाण्यात आहे. एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत असल्यामुळे मंत्र्याचं मंत्रीपण कुंडात आणखीच विरघळतं. नावांची रीत मराठी माणसाला चटकन समजावी. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव लिहितो, ते आडनाव गाळतात. वडील योन असतील तर मुलगा योन्सन आणि मुलगी योन्सडोत्तिर. बायको नवऱ्याचं नाव लावत नाही. अलीकडे मात्र साधारण पाचातला एक रहिवासी परदेशात जन्मलेला आहे आणि त्यांत पोलंडचे सर्वाधिक. कुंडातल्या गप्पा आता नेहमीच आइसलंडिक भाषेत चालतात असं नाही.

गरम पाण्यासारखी वीजही तिथे स्वस्त आहे, आणि एवढी स्वस्त वीज असल्यावर ती विकायचा मोह होतोच. केबलने परदेशी नेण्यापेक्षा त्यांनी ॲल्युमिनियम वितळवणारे कारखाने बोलावले. पहिला १९६९ मध्ये सुरू झाला, आज तीन आहेत आणि देशातली निम्म्याहून अधिक वीज तेच खातात. विजेचा सत्तर टक्के भाग जलविद्युत केंद्रांचा आहे. पूर्वेकडच्या कारखान्यासाठी काराह्न्यूकार इथे धरण बांधलं तेव्हा ओसाड पण अस्पर्श असलेलं पठार पाण्याखाली गेलं आणि देशभर निदर्शनं झाली. स्वच्छ ऊर्जेच्या गौरवगाथांत हा भाग सहसा गाळलेला असतो.

जमिनीखालची उष्णता कधी उलटेल याचा नेम नसतो. १९७३ मध्ये हेइमाए बेटावर गावाच्या कडेलाच रात्री भेग उघडली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे सगळ्या मासेमारी बोटी बंदरात होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसं काही तासांत सुखरूप निघाली. बंदराकडे सरकणारा लाव्हा समुद्राचं पाणी मारून थिजवला. मग परतलेल्या लोकांनी त्याच तापलेल्या लाव्हात नळ्या पुरून वर्षानुवर्षं घरं तापवली. रेक्यानेस द्वीपकल्पात सुमारे आठशे वर्षांच्या शांततेनंतर २०२१ मध्ये उद्रेक सुरू झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंडाविक गाव रिकामं करावं लागलं. ८ फेब्रुवारी २०२४ ला लाव्हाने स्वार्त्सेंगी केंद्रातून निघणारी गरम पाण्याची नळवाहिनी कापली आणि वीस हजारांवर लोकांच्या घरांतले रेडिएटर ऐन हिवाळ्यात थंड पडले. सगळ्यांनी एकदम विजेच्या शेगड्या लावल्या तर तारा तग धरणार नाहीत, म्हणून घरटी एखादीच लावा असं सांगावं लागलं. कामगारांनी ताज्या लाव्हावरून नवी वाहिनी टाकून काही दिवसांत पाणी परत आणलं. स्वार्त्सेंगीभोवती आता मातीदगडाचे उंच बांध आहेत.

तज्ज्ञांचं लक्ष आता आणखी खोल गेलं आहे. २००९ मध्ये उत्तरेच्या क्राफ्ला इथे साडेचार किलोमीटर खोल जायच्या बेताने विंधण चालू होतं, ते २.१ किलोमीटरवरच थेट शिलारसात घुसलं. भोक बुजवण्याऐवजी त्यातली वाफ वर आणून पाहिली. तिचं तापमान साडेचारशे अंश निघालं. नेहमीच्या विहिरीच्या कितीतरी पट शक्ती तिच्यात होती. वाफ आम्लधर्मी असल्याने तिने लोखंड खाल्लं, झडपा टिकल्या नाहीत आणि २०१२ मध्ये विहीर बंद करावी लागली. आता त्याच ठिकाणी मुद्दाम शिलारसापर्यंत जाण्याची तयारी चालू आहे. त्यासाठी आधी ती वाफ सोसेल असा नळ आणि ती अडवेल अशी झडप बनवायची आहे.